दारात गाडी

मोतीराम वाघमारे भट्टीवरून घरी आला तो माघ संपायच्या आधीच. वाडीतली बाकीची माणसं अजून रोह्याकडं विटा थापत होती, ती वैशाखाशिवाय परतणार नव्हती. मुकादम काळुरामनं त्याला विटांच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवून दिला. जोह्याच्या फाट्यावर टेम्पो थांबला, तर उतरताना त्याला दोनदा दम घ्यावा लागला. माळावरची वाडी तिथून हाकेच्या अंतरावर. पण तेवढं चालायला त्याला इतका वेळ लागला, की दारात बसलेल्या त्याच्या आईला, ठमाबाईला, आपलंच पोर ओळखू आलं नाही.

“कोण म्हातारा येतो गो?” तिनं सुनेला विचारलं.

सोनी बाहेर आली. अंगातला सदरा नवऱ्याचाच होता. आतला माणूस निम्मा झाला होता.

सोनी यंदा भट्टीवर गेली नव्हती. ठमाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पूजा नुकती पहिलीत बसलेली, आणि जोह्यात हरेश म्हात्रेच्या गणपतीच्या कारखान्यात तिला काम लागलेलं. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती उचलून उन्हात मांडायच्या, वाळल्या की पॉलिशपेपरनं घासायच्या. दिवसभर प्लास्टरची धूळ उडे. संध्याकाळी ती घरी आली की पूजा तिच्या पांढऱ्या भुवया पुसत म्हणे, “आये, तू म्हातारी झालीस.” पण काम बरंचसं सावलीतलं होतं, घराजवळचं होतं, आणि तिथं कुणी मुकादम डोक्यावर ओरडत नव्हता.

“कधीपास्नं खोकतोस?” तिनं विचारलं.

“दिवाळीपास्नं. काळुराम बोलला, चार दिस आराम कर आन् ये.”

“चार दिस?” तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. फासळ्या एकेक करून हाताला लागल्या. “ह्याला चार दिस पुरतील?”

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात खाडा केला आणि त्याला एसटीनं पेणला नेलं. सरकारी दवाखान्यात डबीत थुंकी घेतली, छातीचा फोटो काढला. दोन हेलपाटे झाल्यावर टीबी आहे असं कळलं. सहा महिने रोज गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. डॉक्टर नीट बोलले, पण सोनीला त्यातलं ‘सहा महिने’ एवढंच ऐकू आलं. ती बाकावर येऊन बसली, तर शेजारी निळं जाकीट घातलेली एक बाई येऊन टेकली.

“मी अनिता. दवाखान्याची नाही, संस्थेची. गोळ्या दवाखाना देतो. गोळ्यांशिवाय जे लागतं, ते आम्ही बघतो.”

“गोळ्यांशिवाय काय लागतं?”

“तेच विचारायला घरी येणार आहे.”

आणि ती खरंच आली. चौथ्या दिवशी, टळटळीत उन्हात, फाट्यावरून चालत. ओट्यावर बसून तिनं मोबाइल उघडला आणि एकेक प्रश्न वाचायला लागली.

“गेल्या महिन्यात घरात खायला कमी होतं म्हणून कुणी कमी जेवलं का?”

ठमाबाई ताठ झाली. “आमच्यात कुणी उपाशी नाय झोपत. लिव.”

“पाणी किती लांबून आणता?”

“खालच्या विहिरीवरनं,” सोनी म्हणाली. “चैतात ती आटते. मग गावातनं.”

“घरात कुणी मारहाण करतं का?”

मोतीराम खोकता खोकता हसला. “मारायला अंगात जोर पायजे ना, बाई.”

अनिताही हसली. तिनं रेशनकार्ड पाहिलं, आधारकार्डांचे फोटो काढले. ठमाबाईचा अंगठा मशीनवर लागत नाही म्हणून तिच्या वाट्याचं धान्य वर्षभर बंद होतं, तेही लिहून घेतलं. ती निघाली तेव्हा सोनी तिला पोचवायला फाट्यापर्यंत गेली. अर्ध्या वाटेत म्हणाली, “सासूचं लिवलंस ते खोड. परवा ती नुसती पेज पिऊन बसली. भाकर पूजाला दिली, आन् मला बोलली, भूक नाय.”

“हे आत का नाही सांगितलंस?”

“आत ती बसली व्हती.”

अनिता तिथंच रस्त्यात थांबली. उन्हात मोबाइलचा पडदा दिसेना, म्हणून पदर डोक्यावर ओढून, त्याच्या सावलीत तिनं उत्तर बदललं.

*

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दहा दिवस मोतीराम घेतलेलं सगळं ओकून टाकायचा. सोनी सकाळी त्याला गोळ्या देऊन, तो गिळेपर्यंत समोर बसून, मग कारखान्यात पळायची. महिन्याच्या सुरुवातीला अनितानं पेशंटचं खाणं आणून दिलं: मूग, चवळी, शेंगदाणे, गूळ, तेल, दोन डझन अंडी. पुढच्या महिन्यात ती वजनकाटा घेऊन आली. मोतीराम त्यावर उभा राहिला. काटा होता तिथंच होता.

“हे सगळं कोण खातं?” अनिता म्हणाली. आवाज चढला होता. “हे फक्त पेशंटसाठी आहे. मी दर वेळी सांगते.”

सोनी चुलीपुढं बसली होती. ती उठलीच नाही. “एक काम कर. उद्या जेवायच्या टायमाला ये. त्याच्याम्होरं अंडं ठेव, बाजूला पूजाला बसव, आन् त्याला बोल, एकट्यानं खा. तुझ्यानं बघवलं तर मला सांग.”

पूजा दारामागून बघत होती. अनितानं वजनकाटा पिशवीत घातला आणि म्हणाली, “आजीचा अंगठा लागला तर रेशन सगळ्यांचं येईल. उद्या आजीला घेऊन पेणला जाते.”

एकदा नव्हे, तीनदा गेली. म्हातारीचा हात धरून एसटीत चढवायची, रांगेत स्वतः उभी राहायची. तिसऱ्या वेळी अंगठ्याऐवजी डोळे दाखवायला सांगितले, तर मोतीबिंदूमुळं मशीन डोळेही घेईना. शेवटी कुणा साहेबाची सही आणून अनितानं काम तडीला नेलं. तांदूळ घरी आले त्या दिवशी ठमाबाई पूजाला म्हणाली, “ती निळी बाई आली की तिला बिनसाखरेचा चा नको देऊ.”

*

मार्च संपता संपता टीबीचा कसलासा दिवस होता. अनिताचा आदल्या दिवशी फोन आला, “उद्या वरून मोठी माणसं येणार आहेत. मोतीरामला घरीच थांबव.”

“मी कामाला जाते. तो हाय.”

“सोनी, मी त्यांना सांगून पाहिलं, पेटीचं वाटप वाडीत नको, दवाखान्यातच करा. पण वरून आलंय.”

“काय आलंय?”

“गाडी,” अनिता म्हणाली.

पांढरी गाडी दुपारी फाट्यावरून वळली. तिच्या दोन्ही अंगांना मोठे फलक होते. फलकावर फुप्फुसाचं चित्र, खाली हातभर अक्षरांत टीबी, टीबी, टीबी. वर कर्णा. तो आधी जोह्याच्या नाक्यावर वाजला, मग फाट्यावर, मग माळावर. मोतीरामला दारात उभा करून त्याच्या हातात खाण्याची पेटी दिली. एकानं पेटी जरा वर धरायला सांगितलं. फोटो निघाले. मोतीरामला समोरच्या उन्हात डोळे उघडे ठेवता येत नव्हते. ‘हसा’ म्हणाले, तेव्हा त्यानं खालचा ओठ दातात धरला.

तोच फोटो दुसऱ्या दिवशी कारखान्यात सोनीच्या आधी पोचला होता.

ती आत शिरली तेव्हा बायका मोबाइलवर वाकल्या होत्या. तिला पाहून मोबाइल कमरेला गेला. संध्या पाटील ही तिथली सगळ्यात जुनी आणि कसबी हाताची बाई. बाकीच्या घासायच्या, त्यावर शेवटचा हात संध्याचा. तिनं आपलं गोणपाट उचललं आणि दुसऱ्या भिंतीशी नेऊन अंथरलं. चहा आला तेव्हा किटली सोनीपाशी थांबली नाही. ती मूर्ती घासत राहिली. धूळ नाकात गेली आणि तिला खोकला आला. धुळीचाच खोकला, तिथं सगळ्यांनाच यायचा. पण बायकांचे हात थांबले.

दुपारी हरेशनं तिला बाहेर बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. पायानं माती उकरत, भलतीकडं बघत बोलला.

“सोने, घरी तुझा माणूस आजारी. त्याच्याकडं बघायला पायजे गो. दोन महिने बस घरी.”

“बघायला सासू हाय, शेट. मी तपासून घेतलंय. मी, सासू, पूजा, कुणाला काय नाय. पूजाला तर व्हऊ नये म्हणून आधीच गोळ्या चालू केल्यात. कागद हाय माझ्याकडं.”

“कागद मी वाचीन गो. ह्या बायांना कोण वाचून दाखवील? तू येत राह्यलीस तं उद्यापासनं सहा जणी यायच्या नाहीत. माझे हजार गणपती अडलेत.”

सोनीनं हात झटकले. हात पांढरेच राहिले. तशीच ती घरी चालत आली. वाटेत नाक्यावर कुणी काही म्हणालं नाही, तरी तिनं पदर तोंडावरून घेतला. आपण तो का घेतला, ह्याचा तिला मग रात्रभर राग येत राहिला.

*

रेशन होतं, पण नुसत्या तांदळावर घर चालत नाही. मीठमिरची, तेल, पूजाच्या शाळेतलं हे ते. सोनीनं काम शोधलं. कुणाच्या शेतावर राब भाजायला, भातरोपांची जमीन जाळून तयार करायला, पालापाचोळा गोळा केला, तो डोक्यावरून वाहून मान अवघडली. ते दहा दिवसांत संपलं. मग ती ओहोटी बघून खाडीत उतरायला लागली. गुडघाभर चिखलात बिळं चाचपायची, हात खांद्यापर्यंत आत घालायचा, चिंबोरी नांगी मारायच्या आधी तिला मागून धरायची. माहेरी, आपट्याकडं नदीवर, हे ती लहानपणी करायची. पण खाडीचा चिखल वेगळा. तो पाय धरून ठेवतो. दुपारपर्यंत कंबर वाकायची नाही, आणि नखांच्या कडा फाटून त्यांत मीठ चरचरायचं.

चिंबोऱ्या घेऊन ती रस्त्याला बसायची. एकदा जोह्यातली एक बाई वाकून चिंबोऱ्या निवडायला लागली. दोन निवडल्या, मग तिनं मान वर करून सोनीचं तोंड पाहिलं. निवडलेल्या चिंबोऱ्या तिनं टोपलीत परत ठेवल्या आणि हात पदराला पुसला.

घरात मोतीरामला वेगळंच सुरू झालं होतं. दोन महिने झाले, ताप गेला, खोकला थांबला, वजनाचा काटा हलला. अंगात थोडं बळ आलं तसा तो घरात ठरेना. दारात उभा राहायचा, परत आत यायचा, कोयता काढून धार लावायचा, परत अडकवायचा. वाडी ओसाड. बोलायला दोन म्हातारे आणि कुत्री. काळुरामचा फोन येऊन गेला होता: बरा असशील तर ये, थापणारा कमी पडतोय.

“मी बरा झालो,” तो म्हणायचा.

“डागतर बोलंल तेव्हा.”

“डागतरला काय म्हाईत? बायको चिखल चिवडते, आन् मी अंडी खात बसलोय.”

एका सकाळी सोनी खाडीवरून परतली, तर ठमाबाई दारात चाचपडत उभी होती. “पिशवी घेऊन गेला गो. जित्याला गेला. गाडी धरतो बोलला.”

“गोळ्या?”

ठमाबाईनं हातातलं पाकीट पुढं केलं. सोनीनं टोपली तिथंच टाकली. पायांचा चिखल न धुता ती जिते स्टेशनाकडं निघाली. कधी पळत, कधी चालत. ऊन चढलं होतं, डांबर पायाला भाजत होतं. चिखल वाळून पोटऱ्यांवर तडकत होता. रोह्याची गाडी सुटली असेल, नसेल, एवढंच डोक्यात.

गाडी गेली होती. मोतीराम फलाटावरच्या बाकावर बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. त्याचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. सोनी समोर येऊन उभी राहिली.

“गाडी लागली व्हती,” तो म्हणाला. “दारापोत गेलो. पायरी हाय ती… पाय उचलंना, सोने. मागच्या माणसानं हात दिला. मी बोललो, तू जा.”

ती त्याच्याशेजारी बसली. तिला त्याला बोलायचं होतं, चार शब्द सुनवायचे होते, सगळी वाट ती तेच जुळवत आली होती. पण तो आपल्या पायांकडं बघत होता, आणि ते पाय कुणा दुसऱ्याचे असावेत असं बघत होता. तिनं पदराच्या गाठीतून पाकीट काढलं. फलाटाच्या नळाला पाणी होतं. त्याच्या पिशवीतली बाटली भरून आणली.

“घे.”

त्यानं एकेक करून गोळ्या घेतल्या.

“विटा थापायला मी दुसऱ्या गावी गेलो अस्तो तं,” तो म्हणाला, “निदान तिथं फोटो कुणी बघितला नस्ता.”

*

मे महिन्यात पेणला सभा होती. संस्थेनं तालुक्यातले पेशंट आणि घरची माणसं बोलावली होती. मुंबईहून मॅडम येणार, लोकांचे अनुभव ऐकणार. अनिता सभेच्या आधी दोन दिवस घरी आली. ओट्यावर बसून तिनं इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाली, “सोनी, तू बोलशील? रेशनचं सांग. आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय ते सांग. मोतीरामचं वजन.”

“आन् काम गेलं ते?”

अनिता हातातल्या पेनचं टोपण काढून लावत राहिली. “माझं वर्ष जूनमध्ये संपतं. पुढं ठेवायचं की नाही, ते ह्या मॅडम ठरवणार. माझ्या घरी पण मी एकटीच कमावते गं.”

दोन दिवस सोनीला दुसरं काही सुचलं नाही. पाणी भरताना, चिखलात हात घालताना, ती मनात एकदा एक बोलायची, एकदा दुसरं. अनिताचे तीन हेलपाटे आठवायचे. पदराखाली मोबाइल धरून उभी राहिलेली अनिता आठवायची. आणि मग ती टोपलीत परत पडलेली चिंबोरी.

सभागृहात पंखे होते. खुर्च्यांवर साठ-सत्तर माणसं बसली होती. तीनचार जण बोलले, सगळ्यांनी हात जोडले, टाळ्या झाल्या. मग अनितानं सोनीचं नाव घेतलं. सोनीनं माइक दोन्ही हातांनी धरला. आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू आला तशी ती दचकली.

“गोळ्या येळेवर आल्या,” ती म्हणाली. “खाणं आलं. सासूचं रेशन वरीसभर बंद व्हतं, ते ह्या अनिताताईनी चालू केलं. माझा माणूस वाचला तो त्यांच्यापाई. हे आधी लिवून घ्या.”

मॅडमनी मान हलवली. टाळ्या पडायला लागल्या. सोनी खाली बसली नाही.

“आता दुसरं. तुमची गाडी आली आन् माझं काम गेलं. तीन वाटांनी भोंगा वाजवला, दारात उभा करून फोटो काढला. दुसऱ्या दिशी मला कारखान्यातनं घालवलं. काम गेलं म्हणून घरात खायला कमी. खायला कमी म्हणून तुम्ही पेटी देता. आन् पेटी द्यायला गाडी आणता. हे कसं काय, मला समजंना झालंय.”

मॅडमनी पेन उघडलं.

“तुम्ही पाणी किती लांब ते विचारलं. उपाशी कोण झोपतं ते विचारलं. बाई मार खाते का, तेही विचारलं. गाडी कुठं लावू, हे काय कुणी विचारलं नाय.”

ती बसली. मागच्या रांगेतून एक बाई उठली, डोलवीजवळच्या खोल्यांत राहणारी. माइक नसतानाच बोलली, “आमच्या खोलीमालकानं गाडी बघून खोली खाली करायला लावली. मी बोलले नाही कुणाला.” मग एक म्हातारा उठला. मग आणखी एक. मॅडम लिहीत होत्या, त्यांचा चहा गार झाला. सोनीनं अनिताकडं पाहिलं. अनिता आपल्या हातांकडं बघत होती.

*

त्यानंतर अनिता आली नाही. फोन लावला तर लागायचा नाही. महिन्याच्या गोळ्या संपत आल्या, तेव्हा सोनी स्वतः पेणला जाऊन घेऊन आली. खाण्याची पेटीही तिनं दवाखान्यातूनच आणली. कुणी तिला काही म्हणालं नाही, उलट नर्सबाईंनी खुर्ची दिली. पण घरी परतताना तिला वाटत राहिलं, आपण एका बाईच्या चुलीत पाणी ओतलं. मोतीरामला बोलली, तर तो म्हणाला, “खरं तेच बोललीस.” ठमाबाई म्हणाली, “खरं बोललीस, पर ती पोर चांगली व्हती.”

अठरा दिवसांनी अनिता आली. अंगावर जाकीट नव्हतं. साधी साडी, हातात भाजीची पिशवी. फाट्यावर कुणी पाहिलं असतं तर पाहुणी समजलं असतं.

“मला लेखी विचारलं,” ती ओट्यावर बसता बसता म्हणाली. “दोन पानं लिहिली. ठेवलंय मला. अजून तरी.” मग एकदम, “सभेत बोलायच्या आधी मला सांगायचंस ना, सोनी!”

“सांगितलं व्हतं. ह्याच ओट्यावर. काम गेलं ते सांगू का, विचारलं. तू टोपण लावत बसलीस.”

अनिता रागानं बघत राहिली. मग तिचा राग उतरला, किंवा तिनं तो गिळला. “गाडी बंद केलीय,” ती म्हणाली. “आता कुणाच्या दारात जायचं ते आधी त्यांनाच विचारायचं, असं ठरलंय. बघू, किती दिवस टिकतं. चल, ऊठ. हरेशशेटकडं जाऊ.”

कारखान्यात गर्दीचे दिवस होते. दारापासून आतपर्यंत मूर्ती उभ्या होत्या, पावसाआधी पलीकडच्या मांडवावर प्लास्टिक चढवणं चाललं होतं. हरेशनं मोतीरामचा थुंकीचा रिपोर्ट वाचला, सोनीचा वाचला, पूजाचासुद्धा वाचला.

“मला मान्य हाय गो. पण बाया…”

“बायांना तपासून घेऊ,” अनिता म्हणाली. “धुळीत काम करतात, निम्म्या खोकतायत. छातीचा फोटो काढायची गाडी इथंच बोलावते. अर्ध्या दिवसात सगळ्यांचं…”

“गाडी?” हरेश खुर्चीतून उठला. “गाडी नको गो माझ्या दारात! सीझनला? उद्या पेणला बोलतील, म्हात्रेंच्या कारखान्यात टीबी. मुंबईचे व्यापारी यायचे बंद होतील. माझं…”

तो बोलता बोलता थांबला. सोनी त्याच्यासमोर उभी होती. हरेशनं तिच्याकडं पाहिलं, मग हातातल्या कागदांकडं. कागद त्यानं नीट जुळवले, त्यांच्या घड्या होत्या तशा घातल्या.

“गाडीशिवाय होईल काय?” त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

“होईल,” अनिता म्हणाली. “दोघी-दोघी पेणला पाठवा. मी तिथं थांबते. त्यांचा खाडा धरू नका.”

बाया आठवडाभर दोघी-दोघी करून विक्रम रिक्षात बसून गेल्या. बाजाराला जातो असं सांगून. सात जणींची छाती साफ निघाली. आठवी संध्या. तिला डबीत थुंकायला लावलं, परत बोलावलं, आणि गोळ्यांचं पाकीट हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी हरेशचा सोनीला फोन आला. “उद्यापासून ये. बाया काय बोलायच्या नाहीत आता. आणि घासायला नको बसू, शेवटचा हात तू मार. संध्या दोन महिने यायची नाय.”

सोनी गेली. नको म्हणण्यासारखी घरची स्थिती नव्हती. संध्याच्या जागेवर, संध्याचं गोणपाट अंथरून बसली. बायका तिच्याशी बोलल्या, किटली आली. सगळं होतं तसं झालं, आणि तिचा हात मात्र चालेना. दिवसभर तिला कुणी मागं उभं आहे असं वाटत राहिलं. संध्याला ती नव्यानं ओळखायला लागली होती, तिच्या कामावरून. मूर्तीच्या बोटांमधल्या सांध्यात, कानामागं, जिथं गिऱ्हाइकाची नजर कधी जात नाही तिथंसुद्धा तिनं हात फिरवलेला होता.

चौथ्या दिवशी काम सुटल्यावर सोनी घरी न जाता गावात शिरली. पाटलांच्या घराच्या पुढच्या ओटीवर म्हातारी तांदूळ निवडत होती. सोनी मागच्या अंगानं गेली. परसात पत्र्याचं शेड होतं, पूर्वी म्हशीचं असावं. संध्या तिथं खाटेवर बसली होती. ताट, तांब्या, चादर सगळं बाजूला मांडलेलं. सोनीला पाहून तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

“कशाला आलीस?”

“आले.”

“घरच्यांना मोप सांगितलं अनिताबाईंनी, घरात ठेवा म्हणून. नाय ऐकत.” संध्या खाली बघत होती. “माझ्या जागेवर तूच बसलीस न?”

“व्हय.”

पुढच्या ओटीवरून सुपाचा आवाज येत होता.

“गोळ्या पोटात ठरत नाहीत,” संध्या म्हणाली. “सकाळपासनं तीनदा ओकले. आणि लघवी लालभडक झाली. मेले मी आता, असं वाटलं.”

“ते रगात नाय. गोळ्यांचा रंग उतरतो. आमच्याकडं तो तर रडायला लागला व्हता. गोळ्या सकाळच्या घेतेस न? रिकाम्या पोटी नको, आधी दोन घास खा. दहा-बारा दिस असं व्हतं, मग बसतं. ओकलीस तं तसंच नको सोडू, अनिताला फोन कर, ती सांगेल काय करायचं. आन् बरं वाटाय लागलं की बंद करू नको. तेव्हाच जास्ती बंद करावंसं वाटतं.”

संध्या मन लावून ऐकत होती, मूर्तीवर हात फिरवताना तिची मान जशी कलायची तशी मान कलवून. मग म्हणाली, “मधल्या रांगेतले मोठे बसके गणपती झालेत काय पुरे?”

“अजून नाय. तीन राह्यलेत. माझ्यानं सोंडेपाशी नीट व्हत नाय.”

“पेपर नको मारू तिथं. प्लास्टरातला काथ्या वर येतो. ओलं फडकं बोटाला गुंडाळ आणि वरून खाली घे, खालून वर नको. असं.” तिनं खाटेच्या कडेवरून बोट फिरवून दाखवलं.

सोनीनं हात पुढं केला. “परत दाखव.”